किशोरवयीनांची श्रद्धाजोपासना आणि मराठी ख्रिस्ती मंडळी : बुलढाणा परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

महाराष्ट्रातील ख्रिस्ती धर्मप्रसाराचा इतिहास आजवर प्रामुख्याने शिक्षण, वैद्यकीय सेवा, मुद्रण आणि धर्मांतर या चार अंगांनी लिहिला गेला आहे. मिशनरींच्या शाळा, त्यांचे दवाखाने, त्यांनी रचलेले कोश व व्याकरणे यांची नोंद इतिहासकारांनी घेतली. परंतु या मंडळ्यांमध्ये वाढणाऱ्या बारा ते अठरा वर्षे वयाच्या मुलामुलींची श्रद्धा कशी घडली, ती कोणी जोपासली आणि त्या प्रक्रियेत त्या मुलामुलींची स्वतःची संमती कितपत होती, हा प्रश्न तुलनेने उपेक्षित राहिला.

बुलढाणा जिल्ह्याच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ सैद्धांतिक नाही. वऱ्हाडात 'ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स' या अमेरिकन संस्थेने काम केले. या परंपरेत बालकाचा बाप्तिस्मा होत नाही. बालकाचे केवळ समर्पण होते आणि बाप्तिस्मा व्यक्तीने समजून-उमजून स्वतःची श्रद्धा प्रकट केल्यावर दिला जातो. त्यामुळे येथील मंडळीत जन्मलेल्या प्रत्येक मुलाच्या आयुष्यात, बहुधा किशोरवयातच, 'हा विश्वास माझा आहे काय ?' हा प्रश्न उभा राहतो. या प्रश्नाला मराठी प्रदेशात सुमारे पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे. त्याचा मागोवा घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू होय. त्यासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

१. न्यायालयापुढील किशोर : १८३९ व १८४३

डॉ. जॉन विल्सन यांच्या मुंबईतील इंग्रजी शाळेत शिकणाऱ्या धनजीभाई नवरोजी व होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी विद्यार्थ्यांनी मे १८३९ मध्ये बाप्तिस्मा घेतला. धनजीभाईंचे वय त्या वेळी सोळा-सतरा वर्षांचे होते. पारशी समाजात मोठी खळबळ उडाली, बहुसंख्य पालकांनी आपली मुले शाळेतून काढून घेतली आणि धनजीभाईंच्या नातलगांनी त्यांचा ताबा मिळविण्यासाठी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. न्यायालयाने मुलाला स्वतःचा निर्णय घेण्याइतकी समज आली आहे असे मानून, कोठे राहावयाचे ते ठरविण्याची मोकळीक त्याला दिली.

यानंतर चारच वर्षांनी, १८४३ मध्ये, नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. त्यांचा सुमारे बारा वर्षांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनरी रॉबर्ट नेस्बिट यांच्याकडे राहावयास गेला होता. वडिलांनी दावा लावला. या वेळी मात्र न्यायालयाने मुलाच्या इच्छेपेक्षा त्याचे वय आणि पित्याचा अधिकार यांना महत्त्व दिले व श्रीपतला वडिलांच्या स्वाधीन केले. पुढे मिशनरींबरोबर अन्नव्यवहार केलेल्या या मुलाला प्रायश्चित्त देऊन स्वजातीत घ्यावे की नाही, यावर मुंबईच्या ब्राह्मण समाजात तीव्र वाद झाला. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर यांनी त्याला परत घेण्याचा पक्ष घेतला आणि त्याबद्दल सनातन्यांचा रोष ओढवून घेतला.

हे दोन खटले एकत्र वाचले असता एक गोष्ट लक्षात येते. दोन्ही प्रसंगी मिशनरी, पालक, जातीतील प्रतिष्ठित आणि न्यायाधीश हे सर्वजण मुलाच्या वतीने बोलत होते. 'समज कोणत्या वयात येते ?' हा प्रश्न न्यायालयाने वयाच्या मोजमापाने सोडविला. धार्मिकदृष्ट्या मात्र तो खुलाच राहिला. सोळाव्या वर्षी घेतलेला निर्णय टिकतो कशामुळे, हे कोणत्याही निकालपत्रात लिहिलेले नसते. धनजीभाईंच्या बाबतीत तो टिकला. ते विल्सन यांच्याबरोबर स्कॉटलंडला गेले, तेथे धर्मशिक्षण घेऊन १८४६ मध्ये दीक्षित पाळक झाले आणि पुढे दीर्घकाळ सेवा केली. त्यांच्या श्रद्धेमागे एका शिक्षकाचा वर्षानुवर्षांचा सहवास होता. श्रद्धाजोपासनेचा हा पहिला प्रकार 'गुरुगृहा'चा म्हणता येईल. त्याची शक्ती निकटच्या नात्यात होती आणि मर्यादाही तेथेच होती, कारण एका गुरूच्या घरात अखेर मोजकेच शिष्य मावतात.

२. बेथेल ते खामगाव : सीमेवरील वसाहत आणि वऱ्हाडातील मिशन

श्रीपतचे थोरले बंधू रेव्ह. नारायण शेषाद्री यांचा पुढील इतिहास बुलढाण्याच्या अगदी जवळ येतो. १८६० च्या दशकात त्यांनी निजामाच्या राज्यातील जालना येथे कार्य सुरू केले आणि जालन्याजवळ 'बेथेल' नावाचे ख्रिस्ती गाव वसविले. जालना जिल्हा बुलढाणा जिल्ह्याला लागूनच आहे आणि देऊळगाव राजा परिसराचा जालन्याशी व्यवहार नेहमीचा आहे. ज्या कुटुंबातील एका मुलाला न्यायालयाने घरी पाठविले, त्याच कुटुंबातील थोरल्या मुलाने ख्रिस्ती कुटुंबांचे स्वतंत्र गाव उभारावे, ही घटना अर्थपूर्ण आहे. बेथेलमध्ये शेती, शाळा व उपासना एकाच वस्तीत होती. येथे मूल आईबापांपासून तोडले जात नव्हते, तर घर आणि मंडळी मिळून त्याला वाढवीत होती.

१८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आले. रेल्वेमार्ग मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव असा अकोल्याकडे गेला आणि १८७० मध्ये जलंबपासून खामगावच्या कापूसपेठेला फाटा जोडण्यात आला. मिशनची केंद्रेही बव्हंशी याच मार्गाने उभी राहिली. मार्कस फुलर व जेनी फुलर हे दाम्पत्य अकोला येथे कार्यरत होते. ए. बी. सिम्प्सन यांनी १८८७ मध्ये स्थापन केलेल्या अलायन्सच्या चळवळीशी ते पुढे जोडले गेले. हिंदुस्थानातील स्त्रियांच्या व विशेषतः बालविधवांच्या स्थितीवर जेनी फुलर यांनी लिहिलेले पुस्तक १९०० मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. अकोला, खामगाव, बुलढाणा, मलकापूर ही या मिशनची वऱ्हाडातील ठाणी होती.

१८९६-९७ व १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी या कार्याचे स्वरूप पालटले. निराधार मुलांचा ओघ मिशनकडे वळला. मुलांसाठी अकोला येथे, तर मुलींसाठी खामगाव येथे अनाथगृह चालविले गेले. श्रद्धाजोपासनेचा हा दुसरा प्रकार 'वसतिगृहा'चा होय. यात घंटेप्रमाणे उठणे, प्रार्थना, शाळा, हस्तोद्योग आणि शास्त्रपाठ असा क्रम असे. या संस्थांनी असंख्य जीव वाचविले, मुलींना अक्षरओळख दिली आणि मंडळ्यांना शिक्षिका व सेविका दिल्या, हे नाकारता येत नाही.

तथापि एक कठीण प्रश्नही याच ठिकाणी उद्भवतो. अन्न, वस्त्र व निवारा देणारा हातच जेव्हा प्रार्थना शिकवितो, तेव्हा त्या प्रार्थनेतील स्वेच्छा किती आणि कृतज्ञता किती ? बहुतेक उपलब्ध साधने मिशनरींच्या लेखणीतून उतरली आहेत आणि त्यांत मुलींचा स्वतःचा आवाज क्वचितच ऐकू येतो. त्यामुळे या प्रश्नाचे सरसकट होकारार्थी किंवा नकारार्थी उत्तर देणे इतिहासाला धरून होणार नाही. परंतु संस्थेच्या आत राहूनच ज्यांनी या प्रश्नाला तोंड दिले, असे एक उदाहरण मराठी प्रदेशात आहे. ते म्हणजे पंडिता रमाबाई यांचे.

३. शारदासदन ते मुक्तिसदन : आज्ञेकडून अनुभवाकडे

रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन सुरू केले व पुढील वर्षी ते पुण्यास नेले. संस्थेत धर्माबाबत तटस्थता राहील असे आश्वासन होते. मात्र रमाबाईंच्या खाजगी प्रार्थनेला काही मुली येऊन बसू लागल्या, तेव्हा वाद पेटला. १८९३ मध्ये न्या. रानडे, डॉ. भांडारकर आदी सल्लागारांनी संबंध तोडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. मुलींना कोणी बोलावले नव्हते, ही रमाबाईंची बाजू होती. कोवळ्या वयात सहवासाचा प्रभाव हेच आमंत्रण असते, ही विरोधकांची बाजू होती. आज तटस्थपणे पाहता दोन्ही बाजूंत तथ्य आढळते.

रमाबाईंचा स्वतःचा अनुभव येथे महत्त्वाचा ठरतो. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये झाला होता. परंतु १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मनिवेदनात त्यांनी असे प्रांजळपणे सांगितले आहे की, आपल्याला प्रथम ख्रिस्ती धर्म मिळाला आणि ख्रिस्ताचा अनुभव त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी आला. स्वीकार आणि अनुभव यांत अंतर असते, हे ज्या व्यक्तीने स्वतः भोगले, तिच्या हाती पुढे केडगाव येथील मुक्तिसदनात दुष्काळातून वाचलेल्या शेकडो मुलींचे पालकत्व आले.

जानेवारी १९०५ मध्ये रमाबाईंनी संजीवनासाठी विशेष प्रार्थना करण्याचे आवाहन केले. आरंभी सुमारे सत्तरजणी रोज एकत्र येत. जूनपर्यंत ही संख्या साडेपाचशेवर गेली. त्यानंतर खेड्यापाड्यांत जाऊन शुभवर्तमान सांगण्यास कोण तयार आहे, असे विचारले असता तीस मुली पुढे आल्या. जूनच्या अखेरीस मुक्तिसदनात जे संजीवन सुरू झाले, त्यात मुली रडून पापकबुली देत, एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करीत. काही पाश्चात्त्य मिशनरींना हा गोंगाट वाटला. रमाबाईंनी मात्र मुलींना थांबविले नाही. हिंदी लोकांच्या भक्तीला पाश्चात्त्य शिस्तीच्या साच्यात बसवू नये, अशी त्यांची भूमिका होती. त्यांच्या सहकारी मिनी अब्राम्स यांनी १९०६ मध्ये या अनुभवावर एक पुस्तिका लिहिली. ती दक्षिण अमेरिकेतील चिली देशात पोहोचली आणि १९०९ च्या तेथील संजीवनाला तिने चालना दिली. केडगावच्या अनाथ मुलींची प्रार्थना अशा रीतीने जगाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू गेली.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने या घटनेतील उत्कटतेपेक्षा तिचा क्रम अधिक उद्बोधक आहे. प्रथम मुलींवर प्रार्थनेची जबाबदारी आली, मग त्यांनी सेवेसाठी स्वतः नावे दिली आणि त्यानंतर अनुभव आला. आजवर ज्यांना केवळ शिकविले जात होते, त्या इतरांना शिकविण्यास निघाल्या. मुक्तीच्या छापखान्यातही स्त्रियाच काम करीत आणि रमाबाईंचे मराठी बायबल त्यांच्या मृत्यूनंतर तेथेच छापून पूर्ण झाले. श्रद्धा ही घ्यावयाची वस्तू न राहता करावयाचे काम झाली.

४. समवयस्कांचा संघ : तिसरा प्रकार

हेच तत्त्व त्याच सुमारास निराळ्या मार्गाने जगभर रूढ होत होते. फ्रान्सिस क्लार्क या अमेरिकन पाळकाने २ फेब्रुवारी १८८१ रोजी पोर्टलंड येथे 'ख्रिश्चन एन्डेव्हर' हा तरुणांचा संघ स्थापन केला. मंडळीतील तरुणांनी केवळ श्रोते न राहता प्रार्थना चालवावी, समित्या सांभाळाव्यात, दर सभेत काही वाटा उचलावा, असा त्याचा नियम होता. अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्येही हे संघ रुजले, तर १९०९ मध्ये या चळवळीची जागतिक परिषद आग्रा येथे भरली. हिंदी शब्बाथशाळा संघ १८७६ पासून कार्यरत होता. मराठीत 'बालबोधमेवा' हे मुलांचे मासिक १८७३ पासून निघत होते. कृष्णाजी रत्नाजी सांगळे यांची ख्रिस्ती कीर्तने आणि रेव्ह. नारायण वामन टिळक यांची भजने यांमुळे मराठी मुलांना श्रद्धेची भाषा आपल्याच ओव्या-अभंगांच्या चालीत मिळाली. परक्या चालीवर म्हटलेले गीत तोंडपाठ होते. आपल्या चालीवरचे गीत मात्र दळताना, शेतात, प्रवासात आपोआप ओठावर येते, हा फरक लहान नाही.

५. आजचा संदर्भ

स्वातंत्र्यानंतर परिस्थिती बदलली. परदेशी मिशनरी व त्यांचा निधी क्रमाने कमी झाला आणि मंडळ्यांची सूत्रे भारतीय पाळकांकडे आली. संविधानाच्या अनुच्छेद २५ ने धर्मस्वातंत्र्य दिले. अनुच्छेद २८ (३) ने शासनमान्य किंवा अनुदानित शिक्षणसंस्थेतील कोणाही व्यक्तीवर तिच्या, आणि ती अज्ञान असल्यास पालकाच्या, संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाची किंवा उपासनेची सक्ती करता येणार नाही असे स्पष्ट केले. श्रीपत शेषाद्रीच्या खटल्यात निर्माण झालेल्या प्रश्नाचे हे घटनात्मक उत्तर आहे. धर्मप्रसारकांनी त्याकडे अडथळा म्हणून पाहण्याचे कारण नाही. श्रद्धा मुक्त असावी, ही श्रद्धेचीच मागणी आहे.

बुलढाणा जिल्ह्यातील ख्रिस्ती समाज संख्येने अल्प आहे. येथील किशोर शाळेत बहुधा वर्गातील एकटाच ख्रिस्ती असतो. दहावी-बारावीनंतर तो शिक्षणासाठी मोठ्या शहरांकडे जातो. शब्बाथशाळेचे वय संपलेले आणि प्रौढांच्या सभेत स्थान न मिळालेले, अशी त्याची मधली अवस्था असते. सुट्टीतील बायबलशाळा, तरुण संघ, वार्षिक शिबिर हे उपक्रम आवश्यकच आहेत. तथापि शिबिराच्या अखेरच्या रात्री किती हात वर झाले यावर त्यांचे यश मोजले गेले, तर इतिहासाने दिलेला धडा आपण विसरलो असे होईल.

निष्कर्ष :

१. किशोराचा निर्णय त्याचाच असावा लागतो. १८३९, १८४३ व १८९३ च्या वादांनी हे शिकविले की घाई आणि गुप्तता या दोहोंमुळे श्रद्धेबद्दलच संशय उत्पन्न होतो. बाप्तिस्म्यापूर्वी पुरेसा काळ, मोकळा प्रश्न आणि पालकांशी संवाद हवा.

२. गुरुगृह, वसतिगृह आणि समवयस्कांचा संघ या तिन्ही प्रकारांची जागा मंडळीत आहे. पहिल्यातून सहवास, दुसऱ्यातून नियमितपणा आणि तिसऱ्यातून सहभाग घेता येतो. मात्र या तिघांनाही बेथेलप्रमाणे घराचा आधार लागतो.

३. जेथे किशोरांवर काम सोपविले गेले, तेथे श्रद्धा रुजली. केडगावच्या मुली आणि एन्डेव्हरचे तरुण यांत हाच समान दुवा आहे. शास्त्रपाठ वाचणे, लहानांना शिकविणे, आजाऱ्याच्या घरी जाणे, भजनाला पेटी-तबला धरणे ही कामे त्यांच्याकडे सोपविली पाहिजेत.

४. मराठी भाषा व कीर्तन-भजनाची परंपरा ही या जोपासनेची साधनसामग्री आहे. ती टाकून दिल्यास किशोर आपल्या गावापासून आणि आजी-आजोबांच्या श्रद्धेपासून एकाच वेळी दुरावेल.

श्रीपत शेषाद्रीच्या खटल्यात सर्वजण बोलले, केवळ त्या बारा वर्षांच्या मुलाचे बोलणे इतिहासात उरले नाही. मंडळीने आज तरुणांसाठी काही करावयाचे असेल, तर त्याचा आरंभ त्यांचे ऐकण्यापासून व्हावा, असे या अभ्यासावरून म्हणता येते.