डिस्क वाढली, पण कळलं कुणाला?

गेल्या मे महिन्यात आमच्या विभागातल्या क्लस्टरवरची जागा संपत आली. चार सर्व्हर, चौघांना मिळून एकच सामायिक साठा, १२ टेराबाइटचा, आणि त्यातले जेमतेम ३०० गिगाबाइट शिल्लक. क्लस्टर बंद करणं शक्यच नव्हतं. तिघांची गणितं त्यावर चालू होती, त्यातलं एक माझ्या मैत्रिणीचं, पावसाच्या मॉडेलचं, सहा दिवस चाललेलं. सिस्टिम बघणारे दादा रजेवर. मग एका सीनियर मित्राने टिपणांची जुनी वही काढली आणि एकेक आज्ञा वहीबरहुकूम दिली. साठ्याच्या पेटीवर जागा आधीच वाढवून ठेवलेली होती. पहिल्या सर्व्हरवर आकडा १२ चा २० झाला. आम्ही टाळ्या वाजवून चहाला गेलो.

परत आलो तेव्हा चौथ्या सर्व्हरने हात वर केले होते. लॉगमध्ये एकच तक्रार पुन्हा पुन्हा: डिस्क जिथे संपते त्याच्या पलीकडचं वाचायला सांगितलं जातंय. चूक वाढू नये म्हणून फाइलसिस्टिमने त्या सर्व्हरपुरतं काम थांबवलं होतं. तो रीबूट करण्यावाचून इलाज नव्हता. मैत्रिणीचं गणित नेमकं त्याच सर्व्हरवर होतं.

मी तंत्रज्ञानाच्या इतिहासावर पीएचडी करतोय आणि माझा विषयच डिस्क-साठवणुकीचा आहे. त्यामुळे त्या रात्री मैत्रिणीने मला जो प्रश्न विचारला तो बोचला. ती म्हणाली, "डिस्क वाढली होती ना? मग चौथ्याला ते माहीत का नव्हतं?" हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचं लांबलेलं उत्तर. संशोधनाच्या तयारीत असलेल्यांनी तो वाचावा असं वाटतं, कारण हे उत्तर शोधताना मी माझ्या प्रबंधातली एक मोठी चूकही पकडली. खरं तर मी नाही, आमच्या मॅडमनी पकडली.

आधी प्रश्न नीट समजून घेऊ. समजा तुम्ही शेजाऱ्याकडून अर्धा एकर जमीन विकत घेतली. जमीन तर वाढली. पण फेरफार मंजूर होऊन सातबाऱ्यावर नोंद येईपर्यंत बँकेच्या आणि सोसायटीच्या लेखी तुमचं क्षेत्र जुनंच. डिस्कचंही तसंच. साठ्याच्या पेटीत जागा वाढवणं हे खरेदीखत झालं. त्यानंतर प्रत्येक सर्व्हरच्या कर्नलला नवा आकार कळायला हवा, मग त्यावरच्या व्हॉल्यूम मॅनेजरला, आणि शेवटी फाइलसिस्टिमला. चार सर्व्हर म्हणजे सातबाऱ्याच्या चार प्रती. त्यातल्या तीन ताज्या आणि एक जुनी असेल, तर जुनी प्रत हातात धरणारा नव्या जमिनीवर पाय ठेवताक्षणी खड्ड्यात जातो. आमचा चौथा सर्व्हर तसाच गेला.

१९८३ पासून सुरुवात केली, आणि तिथेच चुकलो

अनेक संगणकांनी एकच डिस्क बरोबरीच्या नात्याने वापरायची, ही कल्पना व्यवहारात आणणारं गाजलेलं उदाहरण म्हणजे डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचा व्हॅक्सक्लस्टर. तो १९८३ मध्ये जाहीर झाला. ७० मेगाबिट वेगाच्या खास जोडणीवर १६ पर्यंत घटक, म्हणजे व्हॅक्स संगणक आणि डिस्क सांभाळणारे स्वतंत्र नियंत्रक, एका स्टार कपलरभोवती बसत. क्रोनेनबर्ग, लेव्ही आणि स्ट्रेकर यांचा १९८६ चा त्यावरचा निबंध आजही वाचावा असा आहे. भाषा साधी, आकृत्या थोड्या.

त्या व्यवस्थेचा प्राण होता वितरित लॉक मॅनेजर. कुठल्याही गोष्टीला हात लावण्याआधी तिचं कुलूप मागायचं, आणि कुलूप सहा प्रकारचं: 'मला फक्त रस आहे' इथपासून 'दुसऱ्या कुणीही शिवू नका' इथपर्यंत. विशेष म्हणजे हे सगळं एका मुख्य संगणकाच्या हातात नव्हतं, सगळे मिळून ते सांभाळत. हे सहा प्रकार लक्षात ठेवा, पुढे परत भेटतील.

आता माझी चूक. ओपनव्हीएमएसमध्ये एकाच व्हॉल्यूमचा आकार चालू स्थितीत वाढवण्याची सोय २००३ मध्ये, ७.३-२ या आवृत्तीत आली. (वेगवेगळ्या डिस्का जोडून व्हॉल्यूमचा संच करण्याची सोय त्याआधीपासून होती, पण ती वेगळी गोष्ट.) १९८३ आणि २००३ हे दोन आकडे शेजारी ठेवून मी प्रकरणाच्या मसुद्यात ठोकून दिलं: 'सामायिक डिस्क आल्यानंतर ती वाढवता येण्यासाठी वीस वर्षं वाट पाहावी लागली.' मॅडमनी 'वाट पाहावी लागली' याखाली लाल रेघ मारली आणि समासात लिहिलं: कोण वाट पाहत होतं?

दोन दिवस मी चिडून होतो. तिसऱ्या दिवशी कळलं, की त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तरच नाही. १९८३ च्या माणसासाठी डिस्क म्हणजे काय होतं? आरए-८१ नावाचं एक जड खोकं, ४५६ मेगाबाइटचं. खोकं वाढत नाही. जागा कमी पडली की दुसरं खोकं आणायचं. त्या काळच्या माणसाला 'डिस्क चालू असताना मोठी कशी करायची?' असं विचारणं म्हणजे 'कपाट न हलवता रुंद कसं करायचं?' असं विचारण्यासारखं. प्रश्नच तयार झालेला नव्हता, तर त्याच्या उत्तराची वाट कोण पाहणार? आजचा प्रश्न कालच्या माणसाच्या तोंडी घालणं हा इतिहासलेखनातला अगदी जुना दोष. एम.ए.ला मी त्यावर दहा मार्कांचं उत्तर लिहिलं होतं, तरी तो केलाच.

डिस्क ही वस्तू राहिली नाही तेव्हा

मग हा प्रश्न जन्माला कधी आला? माझं आताचं उत्तर असं, की डिस्क हातात धरता येणारी वस्तू राहिली नाही तेव्हा. १९८८ मध्ये बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी रेडचा निबंध मांडला: एका महाग डिस्कऐवजी बऱ्याच स्वस्त डिस्का, आणि बाहेरून दिसणारी एकच. १९९० मध्ये ईएमसीची सिमेट्रिक्स पेटी आली, जिच्या आत काय आहे याच्याशी संगणकाला देणंघेणं नव्हतं. त्याच वर्षी आयबीएमने आरएस/६००० बरोबर एआयएक्सची तिसरी आवृत्ती आणली. तिच्यात लॉजिकल व्हॉल्यूम मॅनेजर होता आणि वापरात असलेली फाइलसिस्टिम जागच्या जागी वाढवता येत होती. अर्थात, एकाच संगणकापुरती. आता डिस्क म्हणजे एक दावा झाला, 'मी इतक्या आकाराची आहे' असा. आणि दावा बदलता येतो.

हा बदल स्कझी या मानकात फार छान दिसतो. त्यात संगणक डिस्कला विचारतो, 'तुझी क्षमता किती?' आणि डिस्क आकडा सांगते. सुरुवातीच्या कल्पनेत हे एकदा विचारलं की संपलं, जन्मतारखेसारखं. पुढे त्याच मानकात डिस्कने आपणहून द्यायची एक सूचना आली: 'क्षमतेची माहिती बदलली आहे.' ज्या दिवशी अशा सूचनेला मानकात क्रमांक द्यावा लागला, त्या दिवशी डिस्कचा स्वभावच बदलला असं मी समजतो. मात्र सूचना आली म्हणजे ती मनावर घेतली जाते असं नाही. लिनक्सचं कर्नल साधारणपणे तिची नोंद करतं. डिस्कला पुन्हा आकार विचारायचं काम बहुतेक वेळा माणसावरच येतं, तेही प्रत्येक सर्व्हरवर वेगळं.

जाता जाता आणखी एक अवशेष. तो आकार सांगायला आधी ३२ बिट दिलेले होते. ५१२ बाइटचा एक ठोकळा धरला तर सुमारे २.२ लाख कोटी बाइटच्या पुढे आकडाच संपतो. दोन टेराबाइटच्या कुंपणावर आजही लोक अडखळतात ते त्या काळच्या काटकसरीमुळे.

मिनेसोटाची वही

सामायिक डिस्क आणि वाढणारी डिस्क या दोन धाग्यांची गाठ मला जीएफएस या फाइलसिस्टिमच्या इतिहासात सापडली. १९९० च्या दशकाच्या मध्यावर मिनेसोटा विद्यापीठात मॅथ्यू ओ'कीफ यांच्या गटाने ती सुरू केली. पहिला निबंध १९९६ चा, यंत्रं सिलिकॉन ग्राफिक्सची. वैज्ञानिक गणितांचे प्रचंड डेटासंच अनेक संगणकांना एकाच वेळी वाचता यावेत, ही गरज. म्हणजे मुळात आमच्यासारख्याच लोकांची अडचण. त्यांची पहिली कल्पना धाडसी होती: कुलुपं डिस्कनेच सांभाळायची. डिस्क बनवणाऱ्यांनी ती फारशी उचलली नाही आणि कुलुपं पुन्हा संगणकांकडे आली. पुढचं थोडक्यात: गटाची सिस्टिना ही कंपनी झाली, २००१ मध्ये परवाना बंदिस्त झाला, २००३ च्या अखेरीस रेड हॅटने कंपनी घेतली, २००४ मध्ये कोड पुन्हा खुला केला आणि नोव्हेंबर २००६ च्या २.६.१९ या लिनक्स कर्नलमध्ये जीएफएस२ दाखल झाली.

आता त्यातला बारकावा, ज्यासाठी मी तीन आठवडे कोड वाचत बसलो. कुठल्याही फाइलसिस्टिमला कुठला ठोकळा रिकामा आणि कुठला भरलेला याचा नकाशा ठेवावा लागतो. ओपनव्हीएमएसमध्ये तो एका सलग फाइलमध्ये असे. म्हणूनच २००३ च्या सोयीतही 'ही डिस्क जास्तीत जास्त इथवर वाढेल' ही मर्यादा आधी ठरवून नकाशाला तेवढी जागा राखावी लागे, आणि ती मर्यादा ठरवताना व्हॉल्यूम इतरांपासून सोडवून एकट्याने धरावा लागे. जीएफएस२ मध्ये डिस्कचे गट पाडलेले असतात आणि प्रत्येक गटाचा नकाशा त्या गटापाशीच. सगळ्या गटांची यादी एका लपलेल्या फाइलमध्ये असते, तिचं नाव आर-इंडेक्स. जागा वाढवताना नव्या जागेवर आधी गट आखून घ्यायचे आणि अगदी शेवटी त्यांच्या ओळी आर-इंडेक्समध्ये लिहायच्या. त्या फाइललाही इतर फाइलींसारखंच कुलूप. एका सर्व्हरने ती लिहिण्यासाठी कुलूप घेतलं की बाकीच्यांच्या हातातली प्रत शिळी ठरते आणि पुढच्या वेळी ते ती नव्याने वाचतात. म्हणून फाइलसिस्टिम वाढवायची आज्ञा एकाच सर्व्हरवर द्यायची असते. फेरफार एकदाच होतो, उतारे आपोआप ताजे होतात. आणि हे कुलूप देणारा लिनक्समधला लॉक मॅनेजर व्हीएमएसच्याच वळणाचा आहे. तेच सहा प्रकार.

मग आमचा चौथा सर्व्हर का फसला? कारण फाइलसिस्टिमच्या खालचा थर. व्हॉल्यूम मॅनेजरच्या पातळीवर हे काम आधी सीएलव्हीएम नावाची सेवा करत असे. एका ठिकाणी व्हॉल्यूम वाढवला की सगळ्या सर्व्हरांवर तो क्षणभर थांबवून, नवा तक्ता चढवून, पुन्हा सुरू करायचं काम ती बघे. २०१९ च्या रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ८ मध्ये तिच्या जागी नवी व्यवस्था आली, रचनेने सुटसुटीत. पण तिच्या पुस्तिकेत एक पायरी वाढली: एका सर्व्हरवर व्हॉल्यूम वाढवा, मग उरलेल्या प्रत्येक सर्व्हरवर तो ताजा करा, आणि मगच फाइलसिस्टिम वाढवा. यंत्र जे निमूटपणे करत होतं ते माणसाकडे परत आलं. तंत्रज्ञान पुढेच जातं असं मानणाऱ्यांनी ही पायरी एकदा बघावी. माझ्या मते या इतिहासातली सगळ्यात बोलकी जागा हीच.

मित्राने वाढलेली पायरी गाळली नव्हती. त्याच्या वहीत ती नव्हतीच. वही सातव्या आवृत्तीच्या काळातली, आणि त्या काळापुरती बिनचूक. दुसरा आणि तिसरा सर्व्हर महिन्याभरापूर्वीच्या एका बिघाडानंतर त्याने सवयीने हातानेच ताजे केले होते, चौथा सुटला. फाइलसिस्टिमने चौथ्याला सांगितलं, 'जमीन २० टेराबाइट आहे.' त्याच्या खालचा थर म्हणत राहिला, '१२.'

एक-दोन गोष्टी तुमच्या कामाच्या. या विषयाची साधनं जवळजवळ सगळी फुकट आहेत, पण विखुरलेली. लिनक्स कर्नलचा आजचा गिट-इतिहास एप्रिल २००५ पासूनच सुरू होतो. त्याआधीचं शोधायचं तर जुन्या ठेवी आणि मेलिंग लिस्ट धुंडाळाव्या लागतात. पुस्तिकांच्या जुन्या आवृत्त्या नव्यांइतक्याच जपून ठेवा, कारण पुरावा दोन आवृत्त्यांमधल्या फरकात असतो. डेव्हिड एजर्टन यांचं 'द शॉक ऑफ द ओल्ड' वाचलं नसेल तर वाचा. शोधाच्या तारखांपेक्षा वापराकडे बघायला ते शिकवतं. आणि पुण्यात असाल तर तुमच्यासाठी एक आयतं दालन आहे. व्हॉल्यूम मॅनेजर आणि क्लस्टर फाइलसिस्टिम या दोन्हींत नावाजलेल्या व्हेरिटासचं मोठं विकास केंद्र पुण्यात होतं. या शहरात असे अभियंते राहतात ज्यांनी हे थर स्वतःच्या हाताने लिहिले. त्यांच्या मुलाखती कुणीतरी घ्यायला हव्यात. मी पुढच्या वर्षी सुरू करणार आहे, पण एकट्याचं काम नाही ते.

जीएफएस२ वाढवता येते, लहान करता येत नाही. म्हणजे त्या दिवशीचे २० टेराबाइट आता कायमचे. मैत्रिणीने गणित पुन्हा लावलं, आणि या वेळी दर बारा तासांनी मधली अवस्था जतन करायला लागली. ते सात दिवसांत झालं. मित्राच्या वहीतल्या त्या पानाचा फोटो मी प्रबंधाच्या परिशिष्टात घातलाय, त्याची परवानगी घेऊन. 'वाट पाहावी लागली' हे वाक्य काढलंय. त्या जागी काय लिहायचं, ते अजून ठरत नाही.