दुसऱ्या क्रमांकाचे नाव

अर्नेस्ट रदरफोर्ड यांचे नाव शालेय पाठ्यपुस्तकात सोन्याच्या पातळ पत्र्याच्या प्रयोगाबरोबर येते. अणूच्या मध्यभागी धनप्रभारित केंद्रक असते, हे त्यांनी १९११ साली मांडले. हेच रदरफोर्ड न्यूझीलंडमध्ये विद्यार्थी असताना एका शिष्यवृत्तीच्या स्पर्धेत उतरले, तेव्हा विद्यापीठाची पहिली पसंती मात्र दुसऱ्याच संशोधकाला मिळाली होती. विज्ञानशिक्षकांनी ही हकिकत माहीत करून घ्यावी अशी आहे.

लंडनमध्ये १८५१ साली भरलेल्या जागतिक प्रदर्शनातून सुमारे १,८६,००० पौंड शिल्लक उरले. या निधीची व्यवस्था पाहणाऱ्या आयोगाने १८९१ पासून तरुण संशोधकांसाठी शिष्यवृत्त्या सुरू केल्या. रक्कम वर्षाला १५० पौंड होती. विद्यार्थ्याने परस्पर अर्ज करायचा नसे. विद्यापीठाने त्याचे मूळ संशोधन पाहून त्याचे नाव सुचवायचे असे. न्यूझीलंडच्या वाट्याला दर दोन वर्षांनी अशी एकच शिष्यवृत्ती येई.

१८९४ साली तेथे दोनच उमेदवार होते. ऑकलंडच्या जेम्स मॅक्लॉरिन यांनी सायनाइडच्या द्रावणात सोने कसे विरघळते याचा अभ्यास केला होता. या क्रियेला ऑक्सिजन आवश्यक असतो, हे त्यांनी दाखवले होते. सोन्याच्या खाणींच्या देशात या कामाचे मोल कोणालाही सहज कळण्यासारखे होते. ख्राइस्टचर्चच्या रदरफोर्ड यांचे काम उच्च वारंवारतेच्या विद्युतप्रवाहाने लोखंडात येणाऱ्या चुंबकत्वावर होते. महाविद्यालयाच्या तळघरातील एका थंडगार खोलीत त्यांनी हे प्रयोग केले. सेकंदाच्या एक लक्षांशाइतका अल्प काळ मोजणारे उपकरणही त्यांनी स्वतः बनवले. शाळेत कायमची नोकरी मिळवण्याचे त्यांचे प्रयत्न फसले होते.

निवड मॅक्लॉरिन यांची झाली. ती चुकीची होती असे आज म्हणता येणार नाही, कारण त्यांचे काम खरोखरच पक्के होते. पण त्यांना शिष्यवृत्तीच्या अटी स्वीकारणे शक्य झाले नाही आणि रदरफोर्ड यांचे नाव वर सरकले. त्यांचे प्राध्यापक बिकरटन यांनी त्यांच्या प्रयोगकौशल्याची लेखी ग्वाही दिलेली होती. १८९५ साली ते केंब्रिजला पोहोचले. इतर विद्यापीठांच्या पदवीधरांना संशोधक विद्यार्थी म्हणून घेण्याचा नियम केंब्रिजने त्याच वर्षी केला होता! १९०८ साली रदरफोर्ड यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

पुढे याच निधीच्या साहाय्याने जेम्स चॅडविक बर्लिनला गेले. पॉल डिरॅक यांनाही ही अभ्यासवृत्ती मिळाली होती. आपल्या मुंबईचे होमी भाभा केंब्रिजमध्ये संशोधन करत असताना त्यांनाही या आयोगाची वरिष्ठ अभ्यासवृत्ती मिळाली. नावे सुचवण्याची पद्धत किती फलदायी ठरू शकते, हे या यादीवरून दिसते.

परंतु या यादीत एक उणीव आहे. ज्यांचे नाव कोणी पाठवलेच नाही, ते यादीत कसे असणार? मॅक्लॉरिन यांनी होकार दिला असता, तर रदरफोर्ड यांनी पुढे काय केले असते हे सांगता येत नाही. एका संस्थेतून एकच नाव पाठवायचे, तर दुसरे नाव कमी योग्यतेचे असते असे नाही. त्याला फक्त जागा नसते.

भारतातही हा प्रश्न आहे. १९५७ साली स्थापन झालेल्या शांतिस्वरूप भटनागर पुरस्कारासाठी शास्त्रज्ञाला स्वतः अर्ज करता येत नसे. कुलगुरू, संस्थाप्रमुख, पूर्वीचे मानकरी अशांनीच नाव सुचवायचे असे, आणि वयाची मर्यादा ४५ वर्षांची होती. २०२३ साली राष्ट्रीय विज्ञान पुरस्कारांची नवी रचना जाहीर झाली. त्यातील तरुणांच्या पुरस्काराला भटनागरांचेच नाव आहे आणि ४५ वर्षांची मर्यादाही कायम आहे. संशोधन संस्थेत काम करणाऱ्या आम्हा मंडळींच्या कामाची माहिती वरिष्ठांना असते. विद्यापीठाच्या एखाद्या विभागात तासिका, परीक्षा आणि प्रवेश सांभाळून प्रयोग करणाऱ्या तरुण प्राध्यापकाकडे मात्र कोणाचे लक्ष जाईलच असे नाही. विभागप्रमुखाला सवड मिळेपर्यंत मुदत टळून जाते, आणि वय तर दरवर्षी वाढतच असते.

म्हणून विभागांनी वर्षातून एकदा तरी आपल्या सर्व तरुण सहकाऱ्यांचे काम एकत्र बसून ऐकावे, आणि मगच नाव ठरवावे. शिफारस लिहिताना ‘हुशार’, ‘मेहनती’ अशा विशेषणांवर थांबू नये. त्याने नेमका कोणता प्रश्न घेतला, कोणते उपकरण स्वतः उभारले, आधी माहीत नसलेले काय दाखवले, हे लिहावे. ज्याचे नाव या वेळी गेले नाही, त्याचे कागद पुढच्या वर्षासाठी तयार ठेवावेत. शाळेतल्या शिक्षकांनाही प्रदर्शनासाठी एकच प्रकल्प निवडून पाठवावा लागतो. अशा वेळी दुसऱ्या क्रमांकाच्या विद्यार्थ्याला जवळ बोलावून, त्याच्या प्रकल्पात काय चांगले होते ते सांगावे. त्याला खर्च काहीच येत नाही.