चावी खिशात, गाडी गायब

गाडी चोरीला गेल्यावर विमा कंपनी जी कागदं आणि वस्तू मागते, त्यात एक गोष्ट हमखास असते: दोन्ही चाव्या. शोरूमने दिलेल्या दोन्ही मूळ चाव्या जमा करा, मग क्लेमचं बोलू. एक जरी कमी असली तरी चौकशी सुरू. दुसरी कुठे गेली, कुणाला दिली होती, गाडीतच विसरलात का? या मागणीमागे एक जुना समज आहे, की चावीशिवाय गाडी हलत नाही. मधल्या काळात हा समज बऱ्यापैकी खराही होता. तो खरा कसा झाला, मग खोटा कसा पडला, आणि तो खोटा पडतोय हे कुणाला किती आधीपासून माहीत होतं, हे आज सविस्तर लिहितोय. पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा.

अमेरिकेत शेवरले कॉर्व्हेट ही गाडी चोरांची फार लाडकी. म्हणून १९८६ मध्ये जनरल मोटर्सने तिच्या चावीच्या पात्यात एक बारीकसा रेझिस्टर बसवला. गाडी तो मोजायची आणि आकडा जुळला तरच स्टार्टर फिरायचा. एकूण पर्याय होते १५. म्हणजे चोराने १५ चाव्यांचा जुडगा केला की झालं! पण कल्पना नवी होती. चावीचे नुसते दात जुळून भागणार नव्हतं, चावीला स्वतःची ओळख पटवावी लागणार होती.

ही कल्पना सक्तीची झाली युरोपात. बर्लिनची भिंत पडल्यावर सीमा उघडल्या आणि पश्चिमेकडच्या गाड्या चोरून पूर्वेला नेण्याचा धंदा फोफावला. विमा कंपन्यांनी तगादा लावला आणि ऑक्टोबर १९९८ पासून युरोपीय संघात प्रत्येक नव्या कारला इमोबिलायझर बंधनकारक झाला.

तो चालतो असा. चावीच्या डोक्यात एक चिप असते, तिला बॅटरीसुद्धा लागत नाही. चावी लावली की गाडी तिला एक आकडा पाठवते, दर वेळी वेगळा. चिप आपल्याजवळच्या गुप्त किल्लीने त्या आकड्यावर गणित करून उत्तर देते. गाडीनेही तेच गणित केलेलं असतं. दोन्ही उत्तरं जुळली तर इंजिन सुरू, नाहीतर वायरी जोडून कितीही खटपट करा, ठप्प. सिनेमात हिरो डॅशबोर्डखाली हात घालून दोन वायरी घासतो ना, तो प्रकार इथे संपला.

आणि उपाय खरंच चालला. नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात १९९५ ते २००८ या काळात इमोबिलायझरमुळे कारचोरी सरासरी ४० टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. इंग्लंड-वेल्समध्ये १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला वर्षाला जवळजवळ ६ लाख वाहनं चोरीला जात होती. २०१३-१४ पर्यंत तो आकडा १ लाखाच्या खाली आला. हे श्रेय द्यायलाच हवं. ‘चावीशिवाय गाडी हलत नाही’ हा समज याच काळात पक्का झाला.

पण त्या चिपमधलं गणित कुणी तपासलं होतं?

कुलुपशास्त्रात एक जुनं तत्त्व आहे, ऑग्युस्त केर्कहॉफ्स यांनी १८८३ मध्येच मांडलेलं. पद्धत शत्रूला कळली तरी चालली पाहिजे, गुप्त राहायला हवी ती फक्त किल्ली. गाड्यांच्या चिप बनवणाऱ्यांनी याच्या बरोबर उलट केलं. पद्धत गुप्त ठेवली आणि किल्ली आखूड. पद्धत गुप्त, म्हणजे बाहेरच्या कुणाला ती तपासता येत नाही. आणि जे तपासलं गेलेलं नाही ते मजबूत आहे असं मानून लाखो गाड्या रस्त्यावर आल्या.

२००५ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या आणि आरएसए प्रयोगशाळेच्या लोकांनी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची डीएसटी-४० ही चिप फोडली. तिची किल्ली ४० बिटांची. म्हणजे साधारण १.१ लाख कोटी शक्यता. ऐकायला प्रचंड वाटतं, पण त्यांनी १६ प्रोग्रॅमेबल चिप एकत्र बसवून तासाभराच्या आत उत्तर काढलं आणि स्वतः बनवलेल्या नक्कल चिपने फोर्डची गाडी सुरू करून दाखवली. दोन-तीन वर्षांत कीलॉकचा नंबर लागला. ही पद्धत मूळची १९८०च्या दशकातली, दक्षिण आफ्रिकेत तयार झालेली, रिमोटमध्ये जगभर वापरलेली. जर्मनीतल्या बोखुम विद्यापीठाच्या गटाने चिप किती वीज खाते ते मोजून उत्पादकाची मुख्य किल्लीच बाहेर काढली. त्यानंतर रिमोटचे दोन संदेश दुरून ऐकले तरी त्याची नक्कल होऊ शकत होती. २०१२ मध्ये हायटॅग-२ गेली. सहा मिनिटांत.

मग उद्योगाने या चिप टाकून दिल्या का? डीएसटी-४० चंच बघा. २०१८ मध्ये बेल्जियमच्या ल्यूव्हेन विद्यापीठातल्या संशोधकांनी टेस्लाची मॉडेल एस ही महागडी गाडी उघडून दाखवली, तिच्या चावीत काय निघालं? तीच डीएसटी-४०. १३ वर्षांपूर्वी जाहीरपणे फुटलेली! या वेळी तास लागला नाही. आधीच मोजून ठेवलेला सुमारे ६ टेराबाइटचा तक्ता आणि ६०० डॉलरच्या आसपासचं सामान, एवढ्यावर किल्ली काही सेकंदांत हातात. टेस्लाने मग गाडी चालवण्याआधी पिन टाकायची सोय दिली आणि चाव्या बदलल्या. ते बरंच केलं म्हणायचं. बाकीच्यांचं वागणं पाहिलं तर.

बाकीच्यांचं म्हणजे फोक्सवॅगनचं. नेदरलँड्सचं राडबाउड विद्यापीठ आणि इंग्लंडमधलं बर्मिंगहॅम इथल्या तीन संशोधकांनी मेगामॉस क्रिप्टो या चिपचा अभ्यास केला. ऑडी, पोर्शपासून अनेक कंपन्यांच्या गाड्यांत ही चिप होती. त्यांनी रीतसर चिप बनवणाऱ्या कंपनीला आधी कळवलं, वेळ दिला आणि २०१३ मध्ये एका परिषदेत पेपर मांडायचं ठरवलं. त्यावर फोक्सवॅगन लंडनच्या उच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने जूनमध्ये अंतरिम मनाई दिली. शास्त्रीय लेखनाचं स्वातंत्र्य मोलाचं आहे, पण लाखो गाड्यांची सुरक्षाही आहे, असा एकूण सूर. गंमत बघा, संशोधकांना ती पद्धत सापडली होती चाव्या बनवण्याच्या एका सॉफ्टवेअरमध्ये. ते इंटरनेटवर कुणालाही विकत मिळत होतं, चोरांनासुद्धा. मनाई फक्त प्राध्यापकांना.

तो पेपर अखेर ऑगस्ट २०१५ मध्ये छापून आला, एक वाक्य गाळून. मधल्या दोन वर्षांत ज्यांनी त्या गाड्या विकत घेतल्या, त्यांना यातलं कोण सांगणार होतं?

हा सगळा झाला गणिताचा भाग. रस्त्यावरच्या चोराने एवढं गणित फारसं केलंच नाही, त्याला सोपी वाट मिळाली. ती वाट खुद्द कंपन्यांनीच काढून दिली होती, सोय म्हणून.

१९९८ च्या सुमारास मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये चावी खिशातून न काढता गाडी उघडायची सोय आली. आज आपल्याकडे मधल्या किमतीच्या गाड्यांतही पुश बटण असतं. हँडलला हात लावला की गाडी एक क्षीण हाक मारते, मीटर-दीड मीटरवरच्या चावीला ती ऐकू येते, चावी उत्तर देते, दार उघडतं. गाडी असं धरून चालते, की चावीने हाक ऐकली म्हणजे चावी जवळच आहे.

आता समजा एक माणूस गाडीपाशी डबा घेऊन उभा आहे, दुसरा तुमच्या घराच्या दाराशी. गाडीची हाक पहिल्या डब्यातून दुसऱ्यात, तिथून दारामागे खुंटीला टांगलेल्या चावीपर्यंत. चावी इमानदारीत उत्तर देते, उत्तर उलट वाटेने गाडीपर्यंत. यात काहीच फोडायचं नसतं. खरी चावीच खरं उत्तर देते! बुद्धिबळात ही युक्ती जुनी आहे. गणितज्ञ जॉन कॉनवे यांच्या १९७६ च्या पुस्तकात ती येते. खेळ येत नसलेल्या माणसाने दोन ग्रँडमास्टरांशी एकाच वेळी पत्राने डाव मांडायचा आणि एकाची चाल दुसऱ्याला कळवत राहायचं. निदान एक डाव तरी हरणार नाही.

झुरिकच्या तंत्रविद्यापीठाने २०११ मध्ये ८ कंपन्यांच्या १० गाड्यांवर हे करून पाहिलं. दहाच्या दहा उघडल्या, दहाच्या दहा सुरू झाल्या. पेपर जाहीर, सगळ्यांना वाचायला खुला. नोव्हेंबर २०१७ मध्ये इंग्लंडच्या वेस्ट मिडलँड्स पोलिसांनी सॉलिहल गावातलं सीसीटीव्ही चित्रण प्रसिद्ध केलं. दोन माणसं, दोन डबे, मिनिटभरात मर्सिडीज गेली. मधली सहा वर्षं केवळ तांत्रिक अडचणीमुळे गेली असं मला वाटत नाही. चावी हलत नसेल तर तिला झोपवणारा सेन्सर किंवा रेडिओ लहरीला लागलेल्या वेळेवरून अंतर मोजणारी अल्ट्रा-वाइडबँड चिप, हे उपाय आता काही कंपन्यांनी दिलेत. चोरीची झळ गाडीमालकाला आणि विम्याला बसत होती तोवर कुणाला घाई नव्हती.

घाई कधी होते ते अमेरिकेत दिसलं. तिथे इमोबिलायझरची सक्तीच नाही. २०१५ च्या ह्युंदाई-किया मॉडेलांपैकी फक्त २६ टक्क्यांत तो मुळात बसवलेला होता, इतर कंपन्यांत हे प्रमाण ९६ टक्के. २०२१ च्या आसपास मिलवॉकी शहरातल्या पोरांनी शोधून काढलं, की स्टिअरिंगखालचं आवरण काढून कुलूप उपटलं तर आतला खुंटा यूएसबी केबलच्या टोकाने फिरतो. व्हिडिओ व्हायरल झाले आणि देशभर लाट आली. तिथल्या वाहतूक सुरक्षा खात्याने यातून किमान १४ अपघात आणि ८ मृत्यू झाल्याचं सांगितलं. काही शहरांत विमा कंपन्या या गाड्यांचा नवा विमाच उतरवेनात. तेव्हा कुठे फेब्रुवारी २०२३ मध्ये सुमारे ८३ लाख गाड्यांसाठी मोफत सॉफ्टवेअर बदल आला. शेजारच्या कॅनडात याच कंपन्यांच्या गाड्यांत इमोबिलायझर होता, कारण तिथे सप्टेंबर २००७ पासून कायदा होता.

म्हणून कॅनडा सुटला म्हणावं, तर तेही नाही. ज्या मानकावर तो नियम उभा होता ते १९९८ चं. रिले आणि नव्या चाव्या बनवणारी यंत्रं त्यात बसतच नाहीत. टोयोटा हायलँडर, होंडा सीआर-व्ही अशा गाड्या घरासमोरून जायला लागल्या आणि माँट्रियल बंदरातून कंटेनरमधून परदेशी निघाल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्या केंद्र सरकारला कारचोरीवर राष्ट्रीय परिषद घ्यावी लागली. लंडनमध्ये तर २०२२ साली गाड्यांच्या सुरक्षेवर काम करणाऱ्या एका संशोधकाचीच टोयोटा गेली. चोरांनी हेडलाइटमागच्या वायरीतून गाडीच्या अंतर्गत जाळ्यात शिरून ‘चावी बरोबर आहे’ असा खोटा निरोप पाठवला. यासाठीचं यंत्र ब्लूटूथ स्पीकरच्या खोक्यात लपवून विकलं जातं. इथे चावीचा संबंधच उरला नाही.

आता आपलं बघू. आपल्याकडे चोरीला जाणाऱ्या वाहनांत दुचाकीच जास्त, पण चाव्या प्रोग्रॅम करणारी टॅब्लेट दिल्लीसारख्या ठिकाणी पकडलेल्या टोळ्यांकडे सापडली आहेत. मोडलेली किंवा हरवलेली चावी बनवून देणाऱ्या प्रामाणिक कारागिरालाही तेच यंत्र लागतं, त्यामुळे नुसती बंदी घालून भागत नाही. २०२० मध्ये ल्यूव्हेन आणि बर्मिंगहॅमच्या गटांनी डीएसटी-८० तपासली तेव्हा युरोपातल्या काही ह्युंदाई-किया गाड्यांमध्ये ८० बिटांच्या किल्लीचे खरे गुप्त बिट २४ च निघाले. म्हणजे जेमतेम १ कोटी ६८ लाख शक्यता, कॉम्प्युटरला काहीच नाही. त्या यादीत आय-१० आणि आय-२० ही आपल्या ओळखीची नावंही होती.

आणि क्लेमच्या टेबलावर मात्र अजून दोन चाव्यांचाच हिशोब. दोन्ही चाव्या दिल्या तरी ‘मग गाडी गेली कशी?’ हा प्रश्न मालकालाच. तो प्रश्न चावी बनवणाऱ्याला का नाही विचारायचा?

तोवर आपल्या हातात आहे ते करा. चोरी कळताच आधी एफआयआर, त्यात ‘दोन्ही चाव्या माझ्या ताब्यात आहेत’ हे वाक्य लिहून घ्या. विमा कंपनीलाही त्याच दिवशी लेखी कळवा. एफआयआर लगेच केली असेल तर केवळ विमा कंपनीला उशिरा कळवलं म्हणून क्लेम नाकारता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये गुरशिंदर सिंग प्रकरणात सांगितलंय. तपास लागला नाही तर पोलिसांकडून ‘अ समरी’चा कागद लागतो, त्याचा पाठपुरावा सोडू नका. कंपनी अडून बसली तर विमा लोकपाल आहेत, मुंबईत आणि पुण्यातही.

चावी दाराजवळ टांगू नका. रात्री झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा आणि एकदा तो डबा गाडीजवळ नेऊन दार उघडतं का ते तपासा, कारण सगळे डबे काम करत नाहीत. स्टिअरिंगला आडवा लागणारा लोखंडी दांडा अजून मिळतो, रेडिओने तो उघडत नाही. आणि सेकंड हँड गाडी घेत असाल, तर व्यवहाराआधी सर्व्हिस सेंटरला नेऊन गाडीत किती चाव्या नोंदलेल्या आहेत ते बघून घ्या. हातात दोन आणि नोंद तीनची निघाली, तर जुन्या सगळ्या पुसून तुमच्या दोनच नव्याने नोंदवायला सांगा आणि त्याची पावती पॉलिसीच्या फाइलमध्ये लावून ठेवा.