पुराचा महिना : एका अभ्यासविषयाची प्रस्तावना

सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी 40 फुटांवर गेले की इशारा पातळी, 45 फुटांवर धोका पातळी. हे आकडे जूनमध्ये तेच आणि ऑगस्टमध्येही तेच. नदीला तिथवर चढवणारी परिस्थिती मात्र महिन्यागणिक पालटते. सह्याद्रीच्या माथ्यावर मृगात कोसळलेला पाऊस आणि आश्लेषात कोसळलेला तेवढाच पाऊस यांतून सारखा पूर येत नाही. हा फरक का पडतो आणि तो मोजायचा कसा, हा या विषयाचा गाभा. भूगोल, स्थापत्य, शेती, ग्रामपंचायतीचे काम, यांपैकी कुठल्याही वाटेने आलात तरी तुमचे इथे मनापासून स्वागत आहे. गणित बेताचे असेल तरी बिचकू नका. पाऊस आणि जमीन नीट पाहायची सवय जास्त उपयोगी पडेल.

सुरुवात जमिनीपासून करावी. उन्हाळ्याने भेगाळलेले काळे रान पहिल्या सरी गिळून टाकते. ओढे कोरडे असतात, धरणांचे तळ दिसत असतात. जुलैच्या मध्यापर्यंत ही सारी रिकामी जागा भरत येते. वाफसा येण्याआधीच पुढची झड लागते, मुरायला जागा उरत नाही आणि पडलेले पाणी थेट वाहू लागते. ऑगस्टमध्ये यात धरणांची भर पडते. कोयनेसारखा 105 टीएमसीचा जलाशय रिकामा असेल तर मोठा लोंढा पोटात घेतो. काठोकाठ भरला असेल तर आलेले पाणी पुढे सोडण्यावाचून गत्यंतर नसते. पावसाळा संपताना धरण भरलेले हवे, कारण पुढचे आठ महिने त्यावरच काढायचे; आणि पुरासाठी ते काही अंशी रिकामेही हवे. या ओढाताणीत कुणा एकाला दोष देऊन प्रश्न सुटत नाही. कोणत्या तारखेला किती जागा राखायची, हे ठरवण्यासाठी त्या तारखेनंतर किती पाऊस येणे संभवते ते माहीत असावे लागते. माझ्या मते या अभ्यासाचा सर्वांत मोठा उपयोग इथेच आहे.

मग संगमाकडे वळावे. नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. कृष्णा आधीच चढलेली असेल तर पंचगंगेचे पाणी पुढे सरकत नाही, फुगवटा मागे शिरोळच्या रानात पसरत जातो. दोन्ही नद्या एकाच आठवड्यात भरून येण्याचा हंगाम तो मोठ्या पुराचा हंगाम. 2005, 2019 आणि 2021 चे इथले महापूर जुलैचा अखेरचा टप्पा ते ऑगस्टचा मध्य एवढ्याच अवधीत आले.

पण कृष्णेचे पंचांग सगळीकडे चालत नाही. 2020 साली बंगालच्या उपसागरातून आलेल्या कमी दाबाच्या क्षेत्राने ऑक्टोबरच्या मध्यावर भीमेला पूर आणला. भीमेवरचे उजनी धरण तेव्हा भरलेले होते. चेन्नई बुडाली ती 2015 च्या डिसेंबरात, ईशान्य मोसमी पावसात. युरोपात ऱ्हाईनचे 1993 आणि 1995 चे मोठे पूर ऐन हिवाळ्यातले.

एखाद्या नदीचा असा हंगाम ठरवायला तिच्या पुरांच्या तारखांची सरासरी काढतात, आणि तिथे नवख्याची हमखास गफलत होते. एक पूर 30 डिसेंबरचा, दुसरा 3 जानेवारीचा. दिवसांचे क्रमांक घेऊन सरासरी काढली तर उत्तर जुलैच्या आसपास येते, जे उघडच निरर्थक आहे. म्हणून वर्ष सरळ रेषेवर न मांडता वर्तुळावर मांडतात आणि प्रत्येक पुराच्या तारखेला एक ठिपका देतात. ठिपके एका बाजूला दाटले तर हंगाम पक्का, चौफेर विखुरले तर सैल.

आपल्या पूररेषांकडेही या नजरेने पाहावे. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. लाल रेषेचा अर्थ असा की दरवर्षी तेवढा पूर येण्याची शक्यता एक टक्का. त्या रेषांवर महिना लिहिलेला नसतो. तो एक टक्का वर्षभर सारखा विभागलेला नसून कृष्णाकाठी जवळजवळ सगळा पावसाळ्याच्या काही आठवड्यांत एकवटलेला असतो. नावा, चारा, जनावरांच्या छावण्या, शाळांच्या सुट्ट्या यांचे नियोजन या जाणिवेतून व्हायला हवे.

हा हंगाम सरकतो आहे का? युरोपात 1960 ते 2010 मधील 38 देशांच्या नोंदी तपासणारा अभ्यास 2017 साली प्रसिद्ध झाला. ईशान्य युरोपात बर्फ लवकर वितळू लागल्याने वसंतातले पूर अलीकडे आले आहेत, तर उत्तर समुद्राच्या काही किनाऱ्यांवर हिवाळी पूर लांबले आहेत, असे त्यात आढळले. आपल्याकडे असा शोध घेणाऱ्याला आधी एक किचकट काम करावे लागेल : धरणे बांधली जाण्यापूर्वीच्या पुरांच्या तारखा आणि नंतरच्या तारखा वेगळ्या ठेवणे. कारण नंतरच्या नोंदींत पावसाची वेळ आणि दरवाजे उघडण्याची वेळ एकमेकांत मिसळलेली असते. पुढची प्रकरणे त्याच कामापासून सुरू होतात.