पीरियड ट्रॅकर ॲप गर्भनिरोधक म्हणून चालतं का? हिरव्या दिवसावर विसंबण्याआधी हे वाचा

पाळीची तारीख लक्षात ठेवायला फोनमध्ये एखादं ॲप असणं आता नेहमीचं झालं आहे. तारीख टाकली की ॲप पुढची पाळी सांगतं आणि कॅलेंडरवर काही दिवस एका रंगात, काही दुसऱ्या रंगात दाखवतं. मग प्रश्न येतोच: गोळ्या नकोत, इंजेक्शन नको, तर मग या रंगांवरच भागवलं तर? नवीन लग्न झालेल्या, पहिल्या बाळात अंतर ठेवू पाहणाऱ्या किंवा गोळ्यांनी मळमळ होते म्हणून कंटाळलेल्या अनेकींना ही सोपी वाट वाटते.

थोडक्यात उत्तर असं: फक्त पाळीची तारीख विचारणारं ॲप गर्भनिरोधक नाही. रोजचं तापमान मागणारी आणि गर्भनिरोधक म्हणून तपासली गेलेली मोजकी ॲप्स आहेत, पण त्यांनाही शिस्त लागते आणि दोघांची तयारी लागते. ॲप दिवस सांगतं, दिवस जाण्यापासून अडवत नाही. ते काम लाल दिवशी तुम्हा दोघांनाच करावं लागतं.

ॲप नेमकं काय मोजतं?

स्त्रीबीज बाहेर पडल्यावर ते साधारण १२ ते २४ तासच टिकतं. पण शुक्राणू शरीरात ५ दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. म्हणून गर्भ राहण्याचे दिवस एका महिन्यात साधारण ६ असतात: बीज बाहेर पडण्याआधीचे ५ आणि तो एक. हे ६ दिवस आधीच ओळखायचे, ही सगळी कसरत. त्यासाठी ॲप्स दोन रस्ते वापरतात.

पहिला रस्ता: सरासरी. मागच्या पाळ्यांच्या तारखा घेऊन ॲप अंदाज बांधतं. पुढच्या पाळीच्या साधारण १४ दिवस आधी बीज बाहेर पडतं, असं ते धरून चालतं.

दुसरा रस्ता: तापमान. बीज बाहेर पडल्यानंतर शरीराचं सकाळचं तापमान सुमारे ०.२ ते ०.५ अंश सेल्सिअसने वाढतं आणि पुढच्या पाळीपर्यंत वर राहतं. रोज सकाळी उठल्या उठल्या मोजलं तर हा फरक दिसतो. यातली मेख अशी की तापमान वाढतं ते बीज बाहेर पडून गेल्यावर. म्हणजे ‘आता धोका टळला’ हे ते सांगू शकतं, ‘धोका येतोय’ हे नाही. पाळीनंतरच्या पहिल्या दिवसांसाठी या ॲप्सनाही तुमच्या मागच्या नोंदींवर अंदाजच करावा लागतो.

सरासरी कुठे फसते? एक उदाहरण

समजा, तुमच्या मागच्या तीन पाळ्या २७, ३१ आणि ३५ दिवसांनी आल्या. सरासरी ३१. ॲप म्हणेल की १७व्या दिवशी बीज बाहेर पडेल, म्हणून १२ ते १७ जपा. बाकी दिवस मोकळे.

पण या महिन्यात पाळी परत २७ दिवसांची निघाली, तर बीज साधारण १३व्या दिवशीच बाहेर पडलं. जपायचे दिवस होते ८ ते १३. ॲपने ८, ९, १० आणि ११ हे चारही दिवस मोकळे दाखवले. चूक ना तुमची, ना ॲपच्या गणिताची. सरासरी मागच्या महिन्यांची असते आणि शरीर या महिन्याचं.

म्हणूनच ‘फ्लो’सारखं लोकप्रिय ॲप स्वतःच सांगतं की आमचे अंदाज गर्भनिरोधनासाठी वापरू नका. ॲपल वॉचवरच्या पाळीच्या नोंदींबाबतही तीच सूचना आहे. हे वाक्य बहुधा सेटिंग्जच्या तळाशी असतं आणि रंगीत कॅलेंडर पहिल्या पानावर.

मग तपासलेली ॲप्स कोणती?

सगळ्यात गाजलेलं नाव ‘नॅचरल सायकल्स’. ही स्वीडिश कंपनी २०१३ साली एलिना बर्गलुंड आणि राउल शेर्विट्झल या शास्त्रज्ञ जोडप्याने सुरू केली. एलिना त्याआधी सर्न प्रयोगशाळेत हिग्ज बोसॉनच्या शोधात सहभागी होत्या. रोजचं तापमान घेऊन ॲप हिरवा किंवा लाल दिवस दाखवतं. २०१८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने त्याला गर्भनिरोधक म्हणून परवानगी दिली. २०२१ मध्ये ‘क्लू’ या कंपनीच्या वेगळ्या गर्भनिरोधक ॲपलाही तिथे मान्यता मिळाली. पण ‘क्लू’चं नेहमीचं पाळी-ट्रॅकर म्हणजे ते नव्हे. नाव एक असलं म्हणून काम एक नसतं.

आता याच ॲपची दुसरी बाजू. स्टॉकहोममधल्या एका मोठ्या रुग्णालयात सप्टेंबर ते डिसेंबर २०१७ दरम्यान ६६८ महिला गर्भपातासाठी आल्या. त्यातल्या ३७ जणी नॅचरल सायकल्सवर अवलंबून होत्या. खूप गदारोळ झाला. स्वीडनच्या औषध नियामक संस्थेने चौकशी केली आणि २०१८ मध्ये सांगितलं की हे प्रमाण कंपनीने आधीच सांगितलेल्या अपयशाच्या दराशी जुळतं, फक्त धोका अधिक स्पष्ट लिहा. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये कंपनीची ‘अत्यंत अचूक’ म्हणणारी फेसबुक जाहिरात दिशाभूल करणारी ठरवली गेली. ॲप बिघडलं नव्हतं. ‘९३ टक्के’ वाचताना लोक उरलेले ७ विसरतात, एवढंच.

आकडे समोर ठेवू

एका वर्षात १०० जणींपैकी साधारण किती जणींना दिवस जातात? रोजच्या आयुष्यात होणाऱ्या चुका धरून:

- काहीच न वापरता: ८५
- पाळीचे ८ ते १९ दिवस टाळण्याची पद्धत: १२
- कंडोम: १३
- नॅचरल सायकल्स: ७
- हार्मोनच्या रोजच्या गोळ्या: ७
- तांबी, म्हणजे कॉपर-टी: १ पेक्षा कमी

८ ते १९ दिवसांची पद्धत फक्त २६ ते ३२ दिवसांत पाळी येणाऱ्यांसाठीच आहे. आणि शेवटची ओळ नीट बघा. तांबीत हार्मोन नसतं. ‘हार्मोन नको’ एवढंच कारण असेल, तर ॲप हा एकमेव पर्याय नाही.

ही कल्पना नवीही नाही. १९५२च्या सुमारास, जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने दिल्लीच्या लोदी कॉलनीत आणि तेव्हाच्या म्हैसूर राज्यातल्या रामनगरम इथे बायकांना रंगीत मण्यांच्या माळा देऊन सुरक्षित दिवस मोजायला शिकवलं होतं. रोज एक मणी सरकवायचा. आजच्या ॲपचे लाल-हिरवे दिवस म्हणजे तेच मणी, स्क्रीनवर आलेले. तेव्हाही अडचण मण्यांची नव्हती, रोजच्या आयुष्याची होती.

खानदेशात तापमान मोजताना

तापमानाच्या पद्धतीचे नियम साधे आहेत: उठल्या उठल्या, अंथरुणातून न उतरता, पाणीही न पिता, रोज साधारण एकाच वेळी. आणि त्याआधी सलग काही तास झोप झालेली हवी. आता हे आपल्याकडे लावून बघा.

- मे महिन्यात जळगावचा पारा ४४-४५ वर जातो. रात्री लाईट गेली, कूलर बंद पडला, तीन वाजल्यापासून गच्चीवर जाग. त्या सकाळच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका.
- लग्नसराईत हळदीची रात्र, श्रावणात कानबाईचं जागरण, एमआयडीसीतली रात्रपाळी: तेच.
- डेंग्यू, मलेरिया, साधा ताप: ते दिवस ॲपमध्ये ‘आजारी’ म्हणून टाका किंवा वगळा.
- पहाटे पाणी भरायला उठून मग थर्मामीटर लावला, तर मोजणी गेली.
- घरातला तापाचा थर्मामीटर दशांशानंतर एकच आकडा दाखवतो. या कामाला दोन आकडे दाखवणारा लागतो.

महिन्यात असे आठ-दहा दिवस गेले, तर ॲपकडे फारसं काही उरत नाही. चांगलं ॲप अशा वेळी जास्त लाल दिवस दाखवतं. वाईट ॲप हिरवे दाखवत राहतं.

कोणी यावर विसंबू नये?

- पाळी अनियमित असणाऱ्या किंवा पीसीओएस असणाऱ्या
- नुकतीच पाळी सुरू झालेल्या मुली आणि पाळी जाण्याच्या वयातल्या बायका
- नुकतंच बाळंतपण झालेल्या, अंगावर पाजणाऱ्या
- हार्मोनच्या गोळ्या किंवा तातडीची गोळी नुकतीच घेतलेल्या
- हृदयाच्या किंवा इतर आजारामुळे ज्यांना आत्ता दिवस जाणं धोक्याचं आहे
- ज्यांचा नवरा किंवा जोडीदार लाल दिवशी थांबायला वा कंडोम वापरायला तयार नाही

शेवटचा मुद्दा ॲपच्या कुठल्याच सेटिंगमध्ये नसतो, पण सगळ्यात जास्त तोच ठरवतो.

फोन घरात सगळ्यांच्या हातात असेल तर

- लॉक स्क्रीनवर नोटिफिकेशनचा मजकूर लपवा.
- ॲपला वेगळा पिन लावा.
- घरातल्या सामायिक जीमेलने लॉगिन करू नका.
- लोकेशन आणि कॉन्टॅक्ट्सची परवानगी नाकारा. पाळी मोजायला त्याची गरज नाही.
- ॲप काढण्याआधी आतून ‘अकाउंट डिलीट’ करा. आयकॉन उडवला म्हणून सर्व्हरवरची माहिती जात नाही.

हे उगाच नाही. वापरणाऱ्यांची माहिती खासगी ठेवू म्हणूनही ती फेसबुक आणि गुगलसारख्या कंपन्यांना दिल्याच्या आरोपावरून २०२१ मध्ये ‘फ्लो’ला अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी समझोता करावा लागला.

हार्मोन नको, मग काय?

- कंडोम: लैंगिक आजारांपासूनही वाचवतो. हे कुठलंच ॲप करू शकत नाही.
- तांबी: कॉपर-टी ३८० ए दहा वर्षांपर्यंत चालते. हवी तेव्हा काढता येते.
- छाया: लखनौच्या संस्थेत शोधलेली, स्टेरॉइड हार्मोन नसलेली गोळी. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर आठवड्यातून एकदा.

हे तिन्ही सरकारी योजनेत मोफत आहेत. आशाताई, प्राथमिक आरोग्य केंद्र, तालुक्याचं सरकारी रुग्णालय किंवा जळगाव-धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं, इथे विचारा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

हिरव्या दिवशी कंडोमची गरज नाही ना?
ॲप तपासलेलं असेल आणि नोंदी नियमित असतील, तर गर्भ राहण्याची शक्यता कमी. शून्य नाही.

अंगावर पाजताना दिवस राहत नाहीत, हे खरं का?
तिन्ही गोष्टी असतील तरच भरवसा: बाळ ६ महिन्यांच्या आतलं, फक्त आईच्या दुधावर, आणि पाळी परत आलेली नाही. एक जरी सुटली तरी दुसरं साधन हवं.

लाल दिवशी चूक झाली तर?
तातडीची गोळी ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी. ती मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळते. त्यात हार्मोन असतं आणि त्यानंतर पाळी पुढे-मागे होते, म्हणून त्या महिन्याचे ॲपचे रंग धरू नका. पाच दिवसांत बसवलेली तांबीही काम करते.

पाळी चुकली तर?
आठवडा उलटला की तपासणी करा. ‘निश्चय’ किट आशाताईंकडे मिळतं. नको असलेली गर्भधारणा असेल तर साधन निकामी ठरणं हे कायद्याने मान्य कारण आहे, अविवाहित महिलेसाठीही. २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरतं. १८ वर्षांवरील स्त्रीला नवऱ्याची सही लागत नाही, आणि नाव गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे.

मग ॲप काढून टाकू का?
मुळीच नाही. पाळीची नोंद ठेवायला, डॉक्टरांना तारखा सांगायला, पाळी चुकल्याचं वेळेत कळायला ते उत्तम आहे. फक्त दिवस टाळण्याचं काम त्या एकट्यावर सोपवू नका.