पिवळ्या डोळ्यांची साथ

काविळीच्या रोग्याला सारे जग पिवळे दिसते, अशी आपल्यात जुनी समजूत आहे. वास्तविक ते पिवळेपण पाहणाऱ्याला दिसते. रोग्याला सहसा आरशावाचून कळत नाही. १९५५ च्या डिसेंबरात दिल्लीकरांना ते एकमेकांच्या डोळ्यांत दिसू लागले.

त्या वर्षीच्या पुरानंतर यमुनेचा प्रवाह वजिराबादपाशी सरकला होता. नोव्हेंबरात नजफगढ नाल्याचे मैलापाणी उलटून, जेथून शहरासाठी पाणी उपसत त्या जागेपर्यंत आले आणि काही दिवस आत ओढले गेले. जलकेंद्रावर तुरटी व क्लोरीन वाढविण्यात आले. विषमज्वर वा हगवण यांची साथ काही उसळली नाही. संकट टळले, असेच कोणीही म्हटले असते. परंतु जानेवारी संपण्यापूर्वी सुमारे २९,३०० लोकांना कावीळ झाली. जंतू मेले होते, विषाणू तगला होता.

मधले ते शांत आठवडे समजून घेण्याजोगे आहेत. आपल्या रक्तातील तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात. त्या मोडल्या की त्यांतून एक पिवळे द्रव्य निघते. यकृत ते पित्तावाटे आतड्यात सोडते. मळाचा रंग त्याचाच. यकृत सुजले की ही निकासी अडते, द्रव्य रक्तात साचते, लघवी गडद होते आणि मग डोळे पिवळे पडतात. तत्पूर्वी अन्नाची शिसारी, मळमळ आणि न सरणारा थकवा येऊन गेलेला असतो; आपण त्याला अपचन म्हणतो. दूषित पाणी पोटात गेल्यापासून येथवर बहुधा पाच-सहा आठवडे लोटतात. तेव्हा डोळे सांगतात ती बातमी शिळी असते.

या विकाराला पुढे वर्षानुवर्षे यकृतदाहाचा परिचित प्रकारच समजत. १९८० मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी अमेरिकी सहकाऱ्यांसह त्या साथीतील जतन केलेले रक्तरस पुन्हा तपासले. तो ना 'ए' होता, ना 'बी'. आम्हां कारकुनांना बंद झालेल्या फायली जपण्याबद्दल लोक हसतात. पुण्याच्या या नमुन्यांनी आमची बाजू थोडी सावरली आहे! १९८३ मध्ये नवा विषाणू प्रथम दृष्टीस पडला. पुढे त्याला 'ई' म्हणू लागले.

पहाडगंजात काय नि पुण्यात काय, कावीळ 'उतरविण्या'ची माळ आजही गळ्यात पडते. काड्या वाळून आक्रसतात, गाठी सैलावतात, माळ लांबते. इकडे यकृतही बहुतेकांत आपणहून सावरते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडतात म्हणून श्रेय माळेला मिळते. यात कोणाची फसवणूक असतेच असे नाही. पण गर्भवती स्त्रीच्या गळ्यातील माळ पाहिली की आम्हांला धडकी भरते. १९५५-५६ च्या साथीत गर्भवतींमधील मृत्यूंचे प्रमाण इतरांहून कितीतरी अधिक होते. शेवटच्या तीन महिन्यांत 'ई' विषाणू यकृत झपाट्याने निकामी करू शकतो. अशा घरी लघवी गडद दिसली त्याच दिवशी इस्पितळ गाठावे लागते. माळ लांबण्याची वाट पाहण्याइतके दिवस तिच्यापाशी नसतात.