जस्त: तुतियाचा जीव की देह?

रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात किनाऱ्यावर ओढलेल्या एका ट्रॉलरच्या सुकाणूखाली मी वाकून बघत होतो. सुकाणूच्या लोखंडी पात्यावर बोल्टने आवळलेला एक करडा तुकडा होता. मुळात तो साबणाच्या वडीसारखा चौकोनी असणार. आता त्याच्या कडा गेल्या होत्या, पोटात खड्डे पडले होते आणि मधली लोखंडी पट्टी दिसायला लागली होती. नखाने खरवडलं तर पांढरी भुकटी निघाली. शेजारच्या ब्राँझच्या पंख्याला आणि सुकाणूला मात्र काही झालं नव्हतं.

“मिस्त्री, हे एवढंच कसं सडलं?”

“झिंक आहे ते. दर्याला काहीतरी खायला लागतंच. हे दिलं की बाकीचं सोडतो. नवीन बसवताना फक्त रंग मारायचा नाही त्याच्यावर. रंग मारला की संपलं, ते काम करत नाही.”

या झिंकला आपल्याकडे जुनं नाव आहे, जस्त. त्या नावाचा माग काढताना मी अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’त अडकलो आणि अजून तिथून बाहेर पडलेलो नाही. सोळाव्या शतकाच्या अखेरीस तो लिहितो की, काहींच्या मते जस्त म्हणजेच ‘रूह-ए-तूतिया’. रूह म्हणजे जीव, आणि तुतिया म्हणजे जस्ताचं भस्म. म्हणजे जस्त हा तुतियाचा जीव! आणि अरबीत ‘जसद’ म्हणजे देह. ज-स-द आणि ज-स-त. एकाच धातूला एका नावाने जीव म्हटलं आणि दुसऱ्या नावाने देह, हा योगायोग आहे असं मला वाटत नाही.

आधी बोटीची गोष्ट थोडक्यात. समुद्राच्या पाण्यात दोन वेगळे धातू एकमेकांना टेकून राहिले की त्यांच्यात वीज वाहते आणि दोघांतला हलका गडी विरघळत जातो. हे कारण कळण्याच्या कितीतरी आधी त्याचे परिणाम दिसले होते. ब्रिटिश आरमाराने 1761 साली ‘अलार्म’ नावाच्या फ्रिगेटच्या तळाला तांब्याचा पत्रा ठोकला, लाकूड पोखरणाऱ्या किड्याला आणि शेवाळाला अडवण्यासाठी. 1763 मध्ये तळ तपासला तर तांबं धड होतं, पण ते ठोकलेले लोखंडी खिळे कुजून गेले होते. सगळे मात्र कुजले नव्हते. पत्रे गोदीत आले होते तपकिरी कागदात गुंडाळून, आणि काही ठिकाणी कामगारांनी कागद न काढताच ते ठोकले होते. जिथे खिळा आणि तांबं यांच्यामध्ये तो कागद टिकला, तिथला खिळा शाबूत! आज ॲल्युमिनियमच्या डोलकाठीवर स्टेनलेसचा बोल्ट बसवताना मध्ये प्लास्टिकची चकती घालतात, ती या कागदाची थेट वारस. कामगाराच्या आळसातून इतकी मोलाची गोष्ट निघाल्याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही.

गॅल्व्हानी, व्होल्टा ही पुढची नावं सर्वांना ठाऊक आहेत. 1800 साली व्होल्टाने चांदी आणि जस्ताच्या चकत्या रचून वीज काढली. 1824 मध्ये हम्फ्री डेव्हीने तीच गोष्ट उलटी वापरली. तांब्याला जस्त जोडलं तर जस्त झिजेल आणि तांबं राहील. वाटाण्याएवढं जस्त 40-50 चौरस इंच तांब्याला पुरतं, असं त्याला आढळलं. ज्या जहाजांवर हा उपाय करून पाहिला त्यांत ‘समरंग’ होतं, 1822 साली कोचीनला बांधून पाण्यात सोडलेलं. त्यावर मात्र जस्ताऐवजी स्वस्त ओतीव लोखंड लावलं. ते नोव्हा स्कॉशियाला जाऊन आलं तेव्हा तांबं वाचलं होतं, पण तळावर शेवाळ आणि शिंपले माजले होते. तांबं थोडंथोडं विरघळतं म्हणूनच तर ते जीव मरतात. तांबं वाचवलं की विषच बंद झालं. आरमाराने लगेच तो नाद सोडला. लोखंडी जहाजं आल्यावर मात्र वाचवायचं ते लोखंडच होतं, आणि जस्ताला त्याची खरी जागा मिळाली.

आता शब्दाकडे येतो. तुतिया म्हणजे डोळ्यांत घालायचं जस्ताचं भस्म. भट्टीच्या धुराड्यात पांढरं साठतं, ते. संस्कृतातला ‘तुत्थ’ याच घरचा, पण आपल्याकडे तो मोरचुदाला चिकटला. तुत्थाला नाग, म्हणजे शिसं, जोडून ‘तुत्थनाग’ झालं आणि पोर्तुगीजांच्या तोंडी ते ‘तुतेनाग’ झालं, असं बहुतेक कोशकार मानतात, आणि मलाही ते पटतं. 1745 साली चीनहून परत येताना स्वीडनच्या किनाऱ्यालगत बुडालेल्या ‘गोथेबोर्ग’च्या पोटात याच तुतेनागचे ठोकळे होते. बोटीच्या पोटातला माल पुढे बोटीच्या पाठीवर बसणार होता, हे त्या खलाशांना कुणी सांगितलं असतं तर!

‘जस्त’वर मात्र भांडण आहे. आयुर्वेदाचे जाणकार म्हणतात, मूळ शब्द ‘यशद’. यश देणारं ते यशद, कारण तांब्यात मिसळलं की सोन्याच्या रंगाचं पितळ होतं आणि किमयागाराचं नाव होतं. यात जोर आहे. यमुनेची जमना होते, तशी यशदाची ‘जसद’ व्हायला हरकत नाही. पण क्रम बघा. ‘रसरत्नसमुच्चय’ या रसशास्त्राच्या ग्रंथात वांग्याच्या आकाराच्या मुशीत रसकापासून, म्हणजे जस्ताच्या खनिजापासून, सत्त्व काढायची कृती आहे, पण ते सत्त्व कथलासारखं दिसतं एवढंच सांगितलं आहे. 1374 च्या सुमाराच्या ‘मदनपाल निघंटू’त नाव येतं ते ‘जसद’. म्हणजे ज आधी भेटतो. ‘यशद’ हे नंतर चढवलेलं संस्कृत सोवळं आहे, असं मी धरून चालतो. ‘यश देणारं’ ही फोड मला नंतर सुचलेली वाटते. शब्द परका असला की आपण त्याला असाच घरचा अर्थ लावून घेतो.

दुसरा एक दावा फारसीच्या बाजूने करता येईल. फारसीत ‘जस्तन’ म्हणजे उडी मारणं, आणि जस्ताची वाफ खरंच मुशीतून उडते. ऐकायला गोड आहे, पण मग 1374 च्या निघंटूतला शेवटचा ‘द’ कुठून आला? माझ्या मते ‘द’चा ‘त’ झाला तो बोलताना, उलट नव्हे.

अरबी रसायनाची एक जुनी विभागणी इथे कामाची आहे. आगीत उडून जातात त्या वस्तू ‘रूह’: पारा, गंधक, नवसागर. आगीत टिकतात, वितळतात, ठोकता येतात ते ‘जसद’: सोनं, चांदी, लोखंड, तांबं. जस्त या दोन्ही घरांत बसतं. ते 907 अंशांना उकळतं. खनिजातून ते सुटं करायला मात्र त्याहूनही जास्त आच लागते, त्यामुळे सुटतं तेच मुळी वाफ होऊन. उदयपूरजवळच्या जावरला 36-36 मुशी पालथ्या घालून खालच्या गार भांड्यात ती वाफ उतरवत. वापरून झालेल्या मुशी रचून तिथे घरांच्या भिंती केल्या आहेत. वर उडताना रूह, खाली थिजलं की जसद! भट्टीशेजारी बसणाऱ्या माणसाला दोन्ही नावं सुचणारच. ‘जसद-ए-तूतिया’ असं पुरं नाव असावं आणि बोलताना पुढचा भाग गळला असावा.

यावर अबुल फजलच आक्षेप घेतो. तो म्हणतो, जुन्या तत्त्वज्ञांच्या ग्रंथांत जस्ताचा पत्ता नाही. खाण आहे ती अजमेर सुभ्यात, जालोरच्या मुलखात. ग्रंथांत धातूच नाही, तर ग्रंथातली परिभाषा त्याला चिकटली कशी? माझं उत्तर असं की, शब्द ग्रंथातून आलाच नाही, तो हकिमांच्या आणि व्यापाऱ्यांच्या तोंडून आला. आणि जालोर म्हणजे जावरच असावं. फारसी लिपीत ‘जालोर’ आणि ‘जावर’ यांत एका लामचा फरक आहे.

मिरकरवाड्यात मी पुन्हा गेलो तेव्हा नवं झिंक बसलं होतं, वजनदार आणि चकचकीत. कुणीतरी त्यावर लाल रंगाचा फटकारा मारून ठेवला होता. मिस्त्री पॉलिशपेपरने तो घासत होते. खालची चमक पूर्ण दिसेपर्यंत त्यांनी हात थांबवला नाही. मग नटखालची जागाही घासली, धातूला धातू टेकावा म्हणून. मी त्यांना जसदची गोष्ट सांगितली. त्यांनी ऐकली आणि विचारलं, “मग कुठं लिहिलेलं सापडलं का तसं?”

1374 च्या आधीच्या एखाद्या फारसी हकिमाच्या नुस्ख्यात ‘रूह-ए-तूतिया’च्या शेजारी ‘जसद-ए-तूतिया’ मिळायला हवं. डोळ्यांच्या औषधांची प्रकरणं मी एकेक करून चाळतो आहे.